कासचं पाणी, नळापर्यंत

[दृश्य: कास तलाव, सकाळ. भिंतीवरून सरकणारं धुकं.]

सातारकर ज्याला अभिमानानं ‘कासचं पाणी’ म्हणतात, ते इथून निघतं. शहराच्या पश्चिमेला पंचवीसेक किलोमीटरवर, हजार मीटरहून अधिक उंचीवर. शेजारचं पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं आणि फुलांच्या हंगामात इथं गाड्यांची रीघ लागू लागली. फुलांवर फिल्म्स पुष्कळ झाल्यात. आपण जरा खाली बघू, पायाखालच्या दगडाकडे.

[दृश्य: जांभ्याचा कातळ, अगदी जवळून. छिद्रांतून झिरपणारं पाणी.]

हा जांभा. तांबडा, भोकाभोकांचा. याच्या खाली सह्याद्रीचा काळा पाषाण आहे, आणि जांभा त्याच काळ्या पाषाणाचा झिजलेला वरचा थर. लाखो वर्षांच्या पावसानं त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, सिलिका धुऊन नेलं. लोह आणि ॲल्युमिनियम मागं राहिलं. आज पडणाऱ्या पावसाला इथं विरघळवायला फारसं काही शिल्लकच नाही. म्हणून पाणी जवळपास जसं पडतं तसंच तलावात उतरतं. शाळेच्या पुस्तकातलं सुफेन पाणी. घरातल्या भाषेत हलकं पाणी. तूरडाळ लवकर शिजते, साबणाला फेस येतो, धुतलेले केस राठ होत नाहीत.

[दृश्य: प्लंबर गीझर उघडतोय. कॉइल बाहेर येते.]

आता हे बघा. बोअरच्या पाण्यावर चालणारा गीझर. कॉइल दिसतच नाही, तिच्यावर पांढऱ्या क्षारांचा जाड थर बसलाय. प्लंबर स्क्रू-ड्रायव्हरनं ठोकतो तेव्हा खपल्या निघतात, बशीच्या तुकड्यांसारख्या. पाऊस मातीत मुरताना तिथला कार्बन डायऑक्साइड घेतो, किंचित आम्ल होतो आणि काळ्या दगडाच्या भेगांमधून फिरताना त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम सोबत आणतो. पाणी तापवलं की त्यातला बायकार्बोनेटचा भाग असा घट्ट होऊन बसतो. सल्फेटचा भाग मात्र उकळूनही जात नाही.

[दृश्य: प्रयोगशाळा. चंचुपात्र, वर ब्युरेट, म्हणजे मापाच्या खुणांची तोटीवाली नळी.]

पाणी किती जड, म्हणजे त्याचा कठीणपणा किती, हे जिभेवर सोडून चालत नाही. पन्नास मिलिलिटर नमुना घेतात, त्यात अमोनियाचं बफर (आम्लता कायम राखणारं द्रावण) आणि चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी, रंग बदलून खूण देणारी पूड. पाणी कोकमाच्या सरबताइतकं लाल होतं. वरून ईडीटीएचं, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडून ठेवणाऱ्या रसायनाचं, द्रावण थेंबथेंब सोडायचं आणि भांडं हलवत राहायचं. लाल जांभळं होतं, जांभळं थबकतं आणि एका थेंबाला सगळं निळं होऊन जातं. तिथं हात थांबवायचा. ०.०१ मोलर तीव्रतेच्या द्रावणाचा एक मिलिलिटर खर्च झाला तर कठीणपणा लिटरला वीस मिलिग्रॅम. भारतीय मानकात पसंतीची मर्यादा २०० आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. डावीकडे कासचा नमुना, उजवीकडे बोअरचा. डावा केव्हाच निळा झाला. उजव्याचं ब्युरेट अजून उतरतंय.

[दृश्य: यवतेश्वरचा घाट, खाली शहर. मग पेठेतला जुना हौद.]

डोंगरावरचं पाणी उतारानं गावात आणायची कल्पना सातारला जुनी आहे. सातारच्या छत्रपतींच्या काळात यवतेश्वराच्या डोंगरातून खापरी नळांनी पाणी खाली आणलं आणि पेठांमधल्या हौदांत सोडलं. भाजलेल्या मातीचे नळ, एकाच्या तोंडात दुसऱ्याचं शेपूट, सांध्याला चुना. पंप नाही, इंजिन नाही. इंग्रजांच्या अमदानीत त्याच हिशेबानं आणखी वर जाऊन कासला भिंत घातली गेली आणि डोंगराच्या कडेकडेनं उघडा पाट काढून पाणी शहराकडे वळवलं. पुढं पाटाची जागा बंद पाइपानं घेतली, अलीकडे भिंतीची उंचीही वाढली. उतार मात्र तोच. कृष्णेचं पाणी वर चढवायला वीज लागते; लाइट गेली की टाकी भरत नाही. कासचं पाणी आपल्या पायानं येतं.

[दृश्य: सांबरवाडी जलशुद्धीकरण केंद्र. तुरटीचं द्रावण, निवळण टाकी, वाळूचा थर उलटा धुताना.]

हलकं असलं तरी ते लगेच पिण्याजोगं नसतं. पहिल्या पावसात रंग चहासारखा. तुरटी घातली की बारीक गाळ एकमेकांना धरून जड होतो, खाली बसतो. उरलेला वाळूत अडकतो. वाळू उलटी धुताना जो गाळ उसळून वर येतो तो नीट बघून घ्या, कारण तो तुमच्या हंड्यात येणार होता. एक अडचण हलकेपणाचीही आहे. अशा पाण्याची क्षारता, म्हणजे आम्ल झेलायची ताकद, मुळात कमी; आहे तीही तुरटीमुळे संपते, म्हणून गरजेप्रमाणे चुना द्यावा लागतो. नाहीतर हेच पाणी जुने लोखंडी पाइप खायला लागतं. शेवटी क्लोरीन.

[दृश्य: दिवाणखाना. टेबलावर दोन ग्लास, त्यात लोखंडी कांड्या.]

हा प्रयोग घरोघरी झालाय. पाणी शुद्ध करण्याचं यंत्र विकणारा येतो, नळाच्या पाण्यात कांड्या बुडवून वीज सोडतो. मिनिटाभरात ग्लास तांबडालाल. घरातल्यांचा चेहरा बघण्यासारखा. शेजारचा ग्लास त्याच्या यंत्राच्या, म्हणजे आरओच्या पाण्याचा. तो स्वच्छ. ती घाण मुळात पाण्यातली नव्हतीच! वीज वाहून न्यायला पाण्यात थोडे क्षार लागतात. ते नळाच्या पाण्यात आहेत, आरओच्या पाण्यात जवळजवळ नाहीत. वीज वाहिली की कांडीचं लोखंड झिजतं, आणि तोच हा गंज. मीठ टाकून आरओचं पाणी तपासा, तेही लाल होईल. विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असतील तिथं आरओ नको, असं राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्ये सांगितलं होतं. तरी मोरीत सोडलेल्या बारक्या नळीतून आरओनं टाकून दिलेलं पाणी दिवसभर जातंच आहे. कासचं, उतारानं आलेलं.

[दृश्य: रस्त्याकडेची गटार, तिच्यातून गेलेली नळाची जोडणी.]

गळक्या जोडणीतून गटार आत शिरलं की कावीळ, गॅस्ट्रो. घाटमाथ्यावर नव्यानं उभ्या राहणाऱ्या बांधकामांचं सांडपाणीही उतारानंच येतं. आरओ घेतलेल्या घरानं याकडे बघायचं सोडलं की तक्रार करणारं एक घर कमी होतं.

[दृश्य: लाइनीच्या शेवटच्या घरातला नळ. छोट्या नळीत पाणी, वरून ओटीचे, म्हणजे क्लोरीन ओळखणाऱ्या ऑर्थोटोलिडीनचे, थेंब.]

ओटी टेस्ट. पाणी पिवळं झालं म्हणजे क्लोरीन इथपर्यंत पोचलाय. लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम हवा, आणि टाकीजवळच्या नळापेक्षा या शेवटच्या नळाला तो विचारायचा. रंग आलाच नाही तर वॉर्डात लेखी कळवा. कठीणपणा मोजायचा असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना देता येतो. साधी स्वच्छ बाटली चालते. जंतूंसाठी मात्र निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणावी. गच्चीवरच्या टाकीचं पाणी नको, थेट नळाचं घ्या. तोटी दोन-तीन मिनिटं वाहू द्या, बाटलीच्या तोंडाला बोट लावू नका, बर्फात ठेवा आणि चोवीस तासांच्या आत पोचवा.