भातखाचरातला चतुर आणि त्यामागची हिरवाई

भाद्रपद सरता सरता कोकणातले भात पोटरीला येते, खाचरांत पाणी साचून असते आणि वाकलेल्या पात्यांच्या टोकांवर चतुर बसलेले दिसू लागतात. त्यांपैकीच एक म्हणजे न्यूरोथेमिस टुलिया या जातीचा नर. त्याच्या पंखांचा बुंध्याकडचा अर्धा भाग निळसर काळा असतो, त्यापुढे दुधी पांढरा पट्टा येतो आणि टोके पारदर्शक राहतात. शरीराची लांबी जेमतेम ३ सेंटिमीटर. एवढ्या लहान कीटकाचे जवळून छायाचित्र घेताना सगळे लक्ष त्याच्यावरच खिळते आणि त्याच्या मागे काय आहे, हे घरी आल्यावर कळते.

म्हणून आधी पार्श्वभूमी पाहावी आणि मग चतुराकडे वळावे. तो बसला आहे ते पाते आणि मागची पाती यांत हातभर अंतर असेल, तर मागची हिरवाई विरघळून एकसंध होते. अंतर वीतभरच असेल, तर मागचे प्रत्येक पाते रेघ होऊन पंखांतून आरपार गेल्यासारखे दिसते. या जातीत ही अडचण विशेष जाणवते, कारण मागे उजळ, विस्कटलेले गवत आले की पंखांची पारदर्शक टोके दिसेनाशी होतात आणि पंख पांढऱ्या पट्ट्यापाशीच संपल्यासारखा वाटतो. अशा वेळी कॅमेरा चार बोटे खाली घ्यावा किंवा अर्धे पाऊल बाजूला सरकावे. मागे सावलीतला बांध आला की त्याच टोकांवरची एकेक शीर उठून दिसते.

फुल फ्रेम कॅमेऱ्यावर (ज्याचा सेन्सर ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा असतो) निम्म्या आकारमानाचे, म्हणजे सेन्सरवर कीटकाची प्रतिमा त्याच्या निम्मी उमटेल असे छायाचित्र घेताना, लेन्सचे छिद्र एफ/८ या मापाला ठेवले तरी सुमारे ३ मिलिमीटर खोलीचाच भाग स्पष्ट येतो. त्यामुळे पंख, शेपटी आणि डोळे या सगळ्यांना एकाच वेळी न्याय मिळत नाही. पंखांची नक्षी हवी असेल, तर कॅमेरा पंखांना समांतर धरून वरून पाहावे. चेहरा हवा असेल, तर समोरून डोळ्यांवर फोकस ठेवून शेपटी धूसर होऊ द्यावी. चतुर ज्या दिशेला पाहतो, तिकडे चौकटीत मोकळी जागा सोडावी आणि पाते चौकटीच्या कडेपासूनच येऊ द्यावे, म्हणजे तो कशावर बसला आहे, हे समजते.

उन्हे चढल्यावर छायाचित्रात पांढरा पट्टा चटकन जळतो, म्हणजे तपशील हरवून नुसता कोरा पांढरा उमटतो, म्हणून एक्स्पोजर (कॅमेऱ्यात किती प्रकाश घ्यायचा ते) त्या पट्ट्यावरून ठरवावे. चतुर उडाला तरी जागचे हलू नये. भक्ष्य पकडून तो पुष्कळदा त्याच टोकावर परत येतो. आपली सावली मात्र त्याच्यावर पडू देऊ नये.

काही जण कीटक पकडून थंड करतात आणि हव्या त्या काडीवर बसवून छायाचित्र घेतात. हे आम्हाला मुळीच मान्य नाही. त्यात जिवाचे हाल तर होतातच, शिवाय त्या काडीचा आणि त्या चतुराचा काही संबंधही नसतो. आड येणारे पाते मोडू नये, दुसऱ्या हाताने हळूच बाजूला धरावे. बांधावरूनच चालावे आणि खाचरात उतरण्यापूर्वी शेतकऱ्याला विचारावे, कारण ते कुणाच्या तरी घरचे वर्षाचे भात आहे.

जवळची छायाचित्रे झाली की एक छायाचित्र रुंद कोनाच्या लेन्सने अवश्य घ्यावे. आमच्या लेखी त्याचे मोल अधिक आहे. या चतुराची मादी पाण्यात अंडी घालते, अळी पाण्यातच वाढते, म्हणजे ते खाचर हा त्याच्या जगण्याचाच भाग आहे आणि तो चौकटीत यायला हवा. यासाठी सकाळी गारवा असताना, चतुर अजून सुस्त असतो तेव्हा, अगदी कणाकणाने पुढे सरकत त्याच्यापासून वीतभर अंतरावर यावे आणि एफ/११ किंवा एफ/१६ ठेवावे. चतुर लहान दिसतो, पण पाणी, बांध आणि पलीकडची माडांची रांग ओळखू येण्याइतकी उमटते.