उकिडवा बसलेला योगी

(वाचनालयाच्या उन्हाळी व्याख्यानमालेतल्या भाषणाचं, थोडी काटछाट करून केलेलं शब्दांकन.)

नमस्कार मंडळी. बाहेर फळ्यावर विषय लिहिलाय, ‘बेसबॉलमधल्या एका यष्टिरक्षकाची जडणघडण’. तो शब्द माझा नाही. बेसबॉलमध्ये यष्ट्याच नसतात, तर राखणार काय? तिथे त्याला कॅचर म्हणतात. पण कॅचर लिहिलं तर कुणी फिरकणार नाही, असं आयोजकांचं मत पडलं. यष्टिरक्षक लिहून किती फिरकले, ते आपण एकमेकांकडे बघून मोजू शकतो.

हा कॅचर म्हणजे न्यूयॉर्क यांकीज या अमेरिकन संघाचा योगी बेरा. १९४७ साली ज्याच्या फेकीवर लोक हसत होते, तो माणूस पुढच्या चार-पाच वर्षांत त्या जागेवरचा सर्वोत्तम खेळाडू कसा झाला, कुणी केला, काय शिकवून केला, एवढंच मला आज सांगायचंय. तो भाग शेवटी ठेवलाय. आधी थोडी पार्श्वभूमी. घाबरू नका, थोडीच.

माझी मुलगी न्यू जर्सीत असते. निवृत्तीनंतर आम्ही दोघं तिच्याकडे सहा महिने राहिलो. जावई ऑफिसात, नात शाळेत, बाहेर पडायचं तर गाडी लागते, म्हणून मी टीव्हीपुढे. क्रिकेट लागेना म्हणून बेसबॉल. पहिला महिना काही कळलं नाही. मग एक दिवस लक्षात आलं, की क्षेत्ररक्षण करणारे नऊ जण आहेत, त्यातल्या आठांची तोंडं बॅटवाल्याकडे, आणि नववा एकटाच त्या आठांकडे तोंड करून बसलाय. बसलाय म्हणजे कसा? उकिडवा. आपली आजी चुलीपुढे बसायची तसा. सबंध मैदान फक्त त्यालाच समोरून दिसतं. आणि आपला कीपर नुसता मागे उभा राहून ‘शाबास, शाबास’ करतो तसा हा नाही. दोन मांड्यांच्या मध्ये बोटांची खूण करायचा. एक बोट म्हणजे सरळ वेगवान, दोन म्हणजे वळणारा. पुढचा चेंडू कोणता टाकायचा हे हा सुचवतो. प्रत्येक चेंडूला. एका सामन्यात शंभरावर वेळा बसायचं, उठायचं. माझे गुडघे नुसतं सांगतानाच दुखायला लागलेत.

तोंडावर जाळी, छातीला गादी, नडग्यांना पत्रे. या सगळ्या सरंजामाला अमेरिकेत एक गमतीचं नाव आहे, ‘अज्ञानाची अवजारं’. म्हणजे शहाणा माणूस हे अंगावर चढवणार नाही. हे नाव मडी रूएल या खेळाडूच्या नावावर सांगतात. तो स्वतः कॅचर होता, आणि वकीलही. वकिलानेच म्हटलंय, म्हणजे आपण वाद घालायचं कारण नाही.

आता जरा माझं. मीही कीपर होतो. म्हणजे व्हावं लागलं. आमच्या गल्लीत ज्याची बॅट तो ओपनिंगला, ज्याचा बॉल तो बोलर, आणि ज्याचं काहीच नाही तो गटाराच्या कडेला कीपर, कारण चेंडू गटारात गेला की काढायचाही त्यानेच. काढता काढता हात बरा बसला. मग आठवीत शाळेच्या संघाची निवड होती. मी रांगेत. सरांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, वरपासून खालपर्यंत फार अंतर नव्हतंच, आणि म्हणाले, “हा? हा कीपर?” सगळी रांग हसली. एक चेंडू टाकून बघितला नाही हो. एक! ज्याला घेतलं तो उंच होता, गोरा होता, त्याच्याकडे स्वतःचे ग्लोव्ह्ज होते. चेंडू सोडून सगळं होतं त्याच्याकडे. साठ वर्षं झाली. सर गेले, तोही गेला. मी विसरलेलो नाही. आमची ही तिथे तिसऱ्या रांगेत बसलीय, तिला हे पाठ आहे, तिच्या तोंडाकडे बघू नका.

हे मुद्दाम सांगतोय. बेराची गोष्ट वाचली तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की ही रांग फक्त आपल्याकडेच लागत नाही.

जन्म १२ मे १९२५, सेंट लुइस. तिथल्या ‘द हिल’ नावाच्या इटालियन वस्तीत. आईवडील इटलीतून आलेले. नाव लॉरेन्स, पण आईच्या जिभेवर ते बसेना म्हणून घरात ‘लॉडी’. आपल्याकडे लक्ष्मणाचा लख्या होतो, तसं. वडील वीटभट्टीच्या कारखान्यात. साडेचारचा भोंगा झाला की मुलगा असेल तिथून खेळ टाकून पळणार, कारण बाप घरी यायच्या आत बियरचं भांडं भरून आणायचं ही त्याची ड्यूटी. बापाला बेसबॉल म्हणजे शुद्ध रिकामटेकडेपणा वाटायचा. थोरले भाऊही चांगले खेळत, पण त्यांना कामाला लावलं. मग त्याच भावांनी बापापुढे धाकट्याची वकिली केली. आमचं गेलं ते गेलं, याला तरी खेळू द्या. पोरगं आठवीनंतर शाळा सोडून बसलेलं. कोळशाच्या वखारीत काम केलं, गाडीवर केलं, बुटांच्या कारखान्यात खिळे उपटले. एकही काम टिकलं नाही, कारण दुपारी खेळ असायचा.

आता नाव. तुम्ही सगळे त्याचीच वाट बघत असणार. याचा आपल्याशी संबंध आहे. ही पोरं सिनेमाला गेली होती, तिथे हिंदुस्थानावरचा एक माहितीपट लागला आणि पडद्यावर एक योगी आला. मांडी घालून, स्वस्थ. बेरा आपली बॅटिंग यायची वाट बघत असाच हातपाय दुमडून बसायचा. एक मित्र म्हणाला, अरे, हा तर आपला लॉडी! झालं. त्या दिवसापासून योगी. त्याच्या बायकापोरांपासून अध्यक्षांपर्यंत सगळ्यांनी त्याला योगी म्हटलं. आपल्याकडे योगी व्हायला हिमालयात जावं लागतं, तिथे बॅटिंगचा नंबर उशिरा आला तरी पुरतं. पुढे १९५८ साली टीव्हीवर त्या नावाशी जुळणारं एक अस्वल आलं, योगी बेअर. आपली नातवंडं त्याला ओळखतात, माणसाला नाही. आणि २०१५ साली बेरा वारला तेव्हा एका मोठ्या वृत्तसंस्थेनेसुद्धा बातमीत अस्वल मारलं! ‘योगी बेअर यांचं निधन’. नंतर दुरुस्ती केली.

किती वाजले? बरं. अर्धा तास आहे अजून. नाही? वीस मिनिटं.

मग पैशाचं सांगतोच, ते सोडणार नाही. बेराच्या घरासमोरच त्याचा मित्र राहायचा, नाव जो गराजिओला. तोही कॅचर. दिसायला नीटस, अंगाने सरळ. सेंट लुइस कार्डिनल्स हा गावचा मोठा संघ, आणि तिथे पोरं हेरणारा ब्रँच रिकी. हाच रिकी पुढे ब्रुकलिनच्या संघाकडे गेला आणि त्याने जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला आणून गोऱ्यांच्या बेसबॉलची दारं उघडली. म्हणजे माणसं ओळखण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याने गराजिओलाला करारावर पाचशे डॉलर दिले. बेराला अडीचशे देऊ केले.

बेरा नाही म्हणाला.

विचार करा. घरात चार पैसे नाहीत, नोकरी टिकत नाही, बाप म्हणतोय कामाला जा, आणि हे पोरगं अडीचशे डॉलर नाकारतंय! पैशाचा प्रश्नच नव्हता. समोरच्या घरात पाचशे, आमच्या घरात अडीचशे? रोज एकत्र खेळतो आम्ही. मी काय त्याच्या अर्धा आहे? मी नोकरीत असताना आमच्या शाखेत एका वर्षी शेजारच्या टेबलाला विशेष वेतनवाढ मिळाली आणि मला मिळाली नाही. रक्कम किती? महिना चाळीस रुपये. मी ते चाळीस रुपये अजून मोजतोय. त्या वेळी राजीनामा देण्याची हिंमत मला झाली नाही. सतरा वर्षांच्या बेराला झाली. कुणी म्हणतं रिकीला ब्रुकलिनला जायचंच होतं, म्हणून त्याने मुद्दाम पोराला मोकळं ठेवलं. असेलही. पण पोराला काय दिसलं? समोरच्या घराची अर्धी किंमत.

गराजिओला माणूस मात्र दिलदार. मोठेपणी तो स्वतःच सांगायचा, मी लीगमधला सर्वोत्तम कॅचर नव्हतोच, माझ्या गल्लीतलासुद्धा नव्हतो.

अखेर यांकीजने पाचशे दिले. त्यातही मेख होतीच, मोसमभर टिकलास तर. पगार महिना नव्वद डॉलर. १९४३ साली व्हर्जिनियात नॉरफोकच्या छोट्या संघाकडे पाठवलं. तिथे लागोपाठच्या दोन सामन्यांत त्याच्या बॅटने संघाला तेवीस धावा मिळवून दिल्या. मग नौदल. ६ जून १९४४, नॉर्मंडीचा किनारा, रॉकेट सोडणारी छोटी बोट, एकोणीस वर्षांचा बेरा तिच्यावर. यावर स्वतंत्र व्याख्यान होईल, मला कुणी बोलावलं तर.

परतल्यावर तो कनेटिकटच्या पाणबुडी तळाकडून खेळत होता. तिथे जायंट्स या दुसऱ्या मोठ्या संघाचा मॅनेजर, म्हणजे संघ चालवणारा प्रशिक्षक, मेल ऑट याने त्याला पाहिलं आणि यांकीजना थेट पन्नास हजार डॉलर देऊ केले. यांकीजचा एक मालक मॅकफेल, त्याने तोवर या पोराला बघितलंही नव्हतं! पण ऑट एवढे देतोय म्हणजे काहीतरी असणार, म्हणून मॅकफेल नाही म्हणाला. मग एक दिवस बेरा समोर येऊन उभा राहिला. पाच फूट सात इंच, आखूड मान, लांब हात, बसकं अंग. मॅकफेलला वाटलं, हा तर बेकार कसरतपटूंच्या मनोऱ्यातला सगळ्यात खालचा माणूस. आपल्या भाषेत, दहीहंडीच्या खालच्या थरातला. आलं ना परत तेच? वरपासून खालपर्यंत बघणं! फरक इतकाच, की या वेळी बघायच्या आधीच पन्नास हजार नाकारून झाले होते.

२२ सप्टेंबर १९४६. यांकीजकडून पहिलाच मोठा सामना, आणि होम रन, म्हणजे आपल्या सिक्सरसारखा.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. मूळ मुद्दा यायचाच आहे अजून. ठीक आहे, भरभर घेतो, लिहून घेणाऱ्यांनी सांभाळून घ्या.

१९४७ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका, समोर ब्रुकलिन. बॅटने बेराने इतिहास केला. वर्ल्ड सिरीजमध्ये बदली फलंदाज म्हणून येऊन मारलेला पहिला होम रन त्याचा. पण कॅचर म्हणून दाणादाण. ब्रुकलिनचे धावपटू त्याच्या नाकासमोर बेस चोरत होते, म्हणजे चेंडू टाकला जात असतानाच पुढच्या थांब्याकडे पळत होते. कॅचरने तिकडे चेंडू फेकून त्यांना अडवायचं, तर याची फेक कुठेही जायची. शेवटी त्याला उजव्या मैदानात उभा केला. गोदामात ठेवतात तसा.

१९४९ मध्ये केसी स्टेंगल मॅनेजर झाला आणि त्याने बिल डिकीला बोलावलं. डिकी यांकीजचाच जुना, थोर कॅचर. त्याने रोज बेराला बसायला शिकवलं. हो, बसायला! बॅटवाल्याच्या आणखी जवळ सरकून बस, म्हणजे चेंडू लवकर हातात येईल आणि फेक तेवढी आधी सुटेल. फेकीची चूक हातात नाही, पायात आहे. उठतानाच पाय जागेवर आले पाहिजेत. आणि तिसरं, फलंदाज वाच. कोण कुठे उभा राहतो, मागच्या वेळी कशावर फसला, ते डोक्यात ठेव. शाळेत आठवीच्या पुढे न गेलेल्या माणसाने हे सगळं तोंडपाठ केलं. बेरा त्याच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाला, डिकी मला त्याचा सगळा अनुभव ‘शिकतोय’. पेपरवाले हसले. मला ते वाक्य बरोबरच वाटतं. स्टेंगल पुढे त्याला ‘माझा असिस्टंट मॅनेजर’ म्हणायचा. पाठीवरचा आठ नंबर डिकीचाही, बेराचाही. १९७२ मध्ये तो दोघांच्या नावाने एकदम निवृत्त केला, म्हणजे पुढे कुणाला द्यायचा नाही.

आकडे सांगून मोकळा होतो. १९४९ ते ५३ यांकीज सलग पाच वर्षं जगज्जेते. बेरा तीनदा अमेरिकन लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू, १९५१, ५४, ५५. १९५० च्या सबंध मोसमात फक्त बारा वेळा स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद. आणि ज्याची फेक कुठेही जायची, त्याने १९५७ ते ५९ मध्ये कॅचर म्हणून सलग १४८ सामने एकही चूक केली नाही.

हो हो, बेल ऐकली. एकच.

८ ऑक्टोबर १९५६. वर्ल्ड सिरीज, पुन्हा ब्रुकलिन. यांकीजचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, डॉन लार्सन, त्याच्या आधीच्या सामन्यात दुसऱ्याच डावात हाकललेला. त्या दिवशी त्याने सत्ताण्णव चेंडू टाकले आणि सत्तावीस फलंदाजांपैकी एकालाही बेसवर पोचू दिलं नाही. वर्ल्ड सिरीजमध्ये असं आधीही झालं नव्हतं आणि नंतरही नाही. बेराने बोटाने जे सांगितलं ते त्याने टाकलं, एकदाही मान हलवून नको म्हटलं नाही. शेवटचा फलंदाज बाद झाल्यावर बेरा धावत गेला आणि लार्सनच्या अंगावर चढला, लहान पोरासारखा. न्यू जर्सीत मॉन्टक्लेअर स्टेट विद्यापीठाच्या आवारात बेराच्या नावाचं संग्रहालय आहे. तिथून येताना मी तो फोटो आणलाय. जाताना बघून जा, टेबलावर ठेवलाय. आयुष्यभर उकिडवा बसलेल्या त्या माणसाचे दोन्ही पाय त्यात जमिनीवर नाहीत.