पावडर पांढरीच, पण आतनं वेगळी

जुलै महिना आहे, बाहेर धो धो पाऊस, आणि मुंबईतल्या एका केमिस्ट्री लॅबमध्ये, प्रकाशाच्या मदतीने पाण्यातला रंग तोडणारी पावडर करायला, टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइडची बाटली उघडलीय. झाकणाच्या आट्यांवर बघा, पांढरा थर बसलाय. हवेतल्या ओलाव्याशी रिअ‍ॅक्शन होऊन तो तयार होतो, आणि पावसाळ्यात इथली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते म्हटल्यावर ही बाटली मिनिटभरसुद्धा उघडी ठेवायची सोय नाही. हाच द्रव नुसत्या पाण्यात टाकला की लगेच गुठळ्या. पण आधी त्यात अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड घातलं तर अ‍ॅसिटेट टायटॅनियमला धरून बसतं, पाण्याची रिअ‍ॅक्शन मंदावते आणि गुठळ्यांऐवजी स्वच्छ सोल, म्हणजे अतिबारीक कण तरंगत असलेला द्रव, मिळतो. मग ते वाळवून भाजायचं. भट्टीतनं काढल्यावर दोन्हीकडे टायटॅनियम डायऑक्साइडच, पण कण किती बारीक, एकमेकांना किती चिकटलेले, पृष्ठभाग किती मोकळा, हे बरंचसं भट्टीच्या आधीच ठरून गेलेलं असतं.

एवढी काळजी कशासाठी? या पदार्थावर योग्य प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन वर उडी मारतो, मागे एक रिकामी जागा राहते, आणि हे दोघं पृष्ठभागापर्यंत पोचले तर पाण्यातल्या रंगाचे रेणू तोडू शकतात. १९७२ मध्ये फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइड आणि प्रकाश वापरून पाण्याचं विघटन दाखवलं, तेव्हापासून जगभर यावर काम चाललंय. आपल्याकडे तर गरज डोळ्यांसमोर आहे, उल्हासनगरच्या जीन्स डाइंगचं पाणी वालधुनी नदीने किती वर्षं सोसलं ते तिथल्या कुणालाही विचारा.

आता झिंक ऑक्साइड, असंच काम करणारी दुसरी पांढरी पावडर. मला यातला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो. दोन बीकर, दोन्हीत झिंक नायट्रेट आणि हेक्सामिन, दोन्ही ९० अंशाला काही तास. हेक्सामिन हळूहळू फुटतं, त्यातनं अमोनिया सुटतो, पीएच सावकाश चढतो आणि षटकोनी दांड्या उगवतात. दुसऱ्या बीकरमध्ये फक्त वर थोडं सोडियम सायट्रेटही घातलंय. सायट्रेट जाऊन स्फटिकाच्या टोकाच्या बाजूला चिकटतं, त्या दिशेने वाढ थांबते, आणि दांड्यांच्या जागी चपट्या चकत्या होतात. नुसत्या डोळ्यांनी दोन्ही पांढऱ्याच, फरक कळतो इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली.

एक ज्युनिअर मुलगी विचारते, "ताई, धुतल्यावर सायट्रेट निघूनच जातं ना, मग फरक पडतो कशाने?" सिनिअर म्हणते, "अगं, बरंचसं जातं निघून, पण कण वाढत होता तेव्हा ते तिथे होतं ना." सगळं यातच आलं. जे शेवटच्या फॉर्म्युल्यात दिसत नाही तेच आकार ठरवून जातं, आणि आकार बदलला की बाहेर कुठली बाजू उघडी राहते तेही बदलतं. चकत्यांची ती मोठी बाजू बऱ्याच प्रयोगांत रंग लवकर तोडते, आता ते नेमकं त्या बाजूमुळे की तिथल्या ऑक्सिजनच्या उणिवांमुळे (म्हणजे ऑक्सिजनचे अणू नसलेल्या रिकाम्या जागांमुळे), यावर अजून वाद आहेत. नायट्रेटऐवजी क्लोराइड घेतलं आणि अल्कली कमी पडली तर क्लोरिन सरळ स्फटिकातच अडकतो आणि ऑक्साइड न होता हायड्रॉक्सीक्लोराइडच्या पातळ चकत्या मिळतात.

बँडगॅपचाही, म्हणजे इलेक्ट्रॉनला वर उडी मारायला लागणाऱ्या ऊर्जेचाही, प्रश्न आहेच. अ‍ॅनाटेसचा, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडच्या एका स्फटिकरूपाचा, ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे साधारण ३८७ नॅनोमीटरच्या खालचा अतिनील प्रकाशच चालतो, आणि उन्हात तो जेमतेम ४-५ टक्के. म्हणून लोक कार्बन नायट्राइडकडे वळले, २.७ इलेक्ट्रॉन व्होल्टचा, पिवळा, निळा प्रकाशही थोडा पितो. मेलामिनपासून करा नाहीतर युरियापासून, दोन्ही ५५० अंशाच्या आसपास भाजायचे. युरियातनं वायू खूप सुटतात, त्यामुळे थर पातळ आणि भोकंभोकं असलेले येतात, पृष्ठभाग मेलामिनवाल्यापेक्षा जास्त, पण क्रुसिबल भरून युरिया घातला तरी तळाशी हाताला येते चिमूटभर पावडर.

शेवटी टेस्ट, आणि इथे घाई करायची नाही. मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाच्या द्रावणात पावडर घालून आधी अर्धा तास अंधारात ढवळतात, कारण धुऊनही थोडं सायट्रेट पृष्ठभागावर उरलं असेल तर त्याचा ऋण भार या धन भाराच्या रंगाला ओढून घेतो आणि रंग तुटल्याशिवायच पाणी फिकं दिसतं. मग लाइट चालू, आणि दर थोड्या वेळाने ६६४ नॅनोमीटरला रीडिंग, म्हणजे रंग किती उरला ते कळतं. मिथिलीन ब्लू स्वतःच दृश्य प्रकाश शोषतो, त्यामुळे त्याच्या एकट्याच्या भरवशावर 'आमची पावडर दृश्य प्रकाशात चालते' असं म्हणणं मला पटत नाही. फिनॉलसारखं रंग नसलेलं प्रदूषक घेऊन तीच टेस्ट परत करावी, आणि दांड्या, चकत्या दोन्हींवर करावी.