बाळाची लोकरी चड्डी धुताना

श्रोतेहो, नमस्कार.

मुलीच्या बाळंतपणासाठी मी तीन महिने जर्मनीत होते, तेव्हा बाळाच्या कपाटात मला हाताने विणलेली एक जाडसर चड्डी दिसली. सुती बाळोते बांधल्यावर प्लॅस्टिकच्या चड्डीऐवजी ती वरून घालायची, असे मुलीने सांगितले, पण लोकरीतून ओल बाहेर येणार नाही यावर माझा काही विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी पहाटे आतले बाळोते पिळता येईल इतके भिजलेले आणि चड्डी बाहेरून मात्र कोरडी लागली, तेव्हा कुठे तो बसला.

यामागे दोन गोष्टी आहेत. लोकरीचा तंतू स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा पोटात घेऊनही हाताला कोरडा लागतो, आणि त्या तंतूवर मेंढीच्या त्वचेतून पाझरलेले लॅनोलिन नावाचे मेण असते, ते पाण्याला वरच्या वर थोपवून धरते. आपला धनगर भर पावसात घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन मेंढरांमागे फिरतो, तो याच गुणाच्या भरवशावर. त्यामुळे ही चड्डी धुणे म्हणजे नुसती घाण काढणे नव्हे; धुण्यात गेलेले मेण तिला परत द्यावे लागते.

मी पहिल्याच आठवड्यात नेमके उलटे केले. बाळोती म्हटली की कढत पाणी, भरपूर साबण आणि कडक ऊन, ही आमच्या पिढीची शिस्त. सुती कापडाला ती योग्यच आहे. त्या शिस्तीने मी चड्डीही बाळोत्यांबरोबर मशिनमध्ये ६० अंशांवर टाकली, आणि बाहेर आली ती भातुकलीतल्या बाहुलीला बसेल एवढी, पुठ्ठ्यासारखी ताठ. लोकरीच्या तंतूवर माशाच्या अंगासारखे खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण एकत्र आली की ते एकमेकांत अडकतात आणि मग सुटत नाहीत. काश्मीरचा नमदा, म्हणजे लोकर न विणता दाबून केलेला जाड गालिचा, मुद्दाम असाच करतात, मी तो नकळत केला.

म्हणून पहिला नियम असा, की ही चड्डी रोज धुवायची नाही. दोन-तीन चड्ड्या आलटून पालटून वापराव्यात आणि काढलेली चड्डी हवेशीर जागी टांगून ठेवावी. नुसत्या लघवीचा वास वाळल्यावर बहुधा निघून जातो. पूर्ण वाळल्यावरही वास राहू लागला की धुण्याची वेळ आली असे समजावे, आणि ती साधारण दोन ते चार आठवड्यांनी येते. शी लागली असेल तर मात्र तेवढाच भाग लगेच गार पाण्याने आणि सौम्य साबणाने हलक्या हाताने धुवावा.

धुताना कोपर बुडवून पाहावे. बाळाच्या आंघोळीपेक्षा पाणी गरम नको. त्यात थोडा बेबी शाम्पू किंवा रिठ्याचे पाणी घालावे, चड्डी उलटी करून पंधरा-वीस मिनिटे भिजवावी आणि तळहाताने दाबून मळ काढावा. घासू नये, पिळू नये. कपड्यांच्या नेहमीच्या पावडरीत प्रथिने पचवणारे एन्झाइम असतात, आणि लोकर हे प्रथिनच असल्याने ती पावडर डागाबरोबर चड्डीही खाते. ब्लीच तर जवळही आणू नये.

आता मेण चढवण्याचे काम, आणि खरी गंमत इथेच आहे. कपभर कढत पाण्यात वाटाण्याएवढे लॅनोलिन आणि शाम्पूचे चार थेंब घालून ढवळत राहावे. पाणी दुधासारखे पांढरे झाले की मेण नीट मिसळले. वर पिवळे थेंब तरंगत असतील तर शाम्पूचा आणखी एखादा थेंब घालावा, नाहीतर चड्डीवर चिकट ठिपके बसतात. हे पाणी कोमट पाण्यात ओतून चड्डी उलटी करून रात्रभर बुडवून ठेवावी, सकाळी टॉवेलात गुंडाळून दाबावी आणि सावलीत आडवी पसरून वाळवावी. वाळायला एक-दोन दिवस लागतात. नव्या चड्डीला हा सोपस्कार दोन-तीनदा करावा लागतो. शुद्ध लॅनोलिन औषधांच्या दुकानात, स्तनाग्रांच्या भेगांसाठीचे मलम म्हणून मिळते.

इथे विणायला बसणाऱ्या आज्यांना एक सांगते. आपल्या दुकानांत लोकर म्हणून मिळणारा धागा पुष्कळदा अ‍ॅक्रिलिकचा असतो, आणि त्याची चड्डी कितीही सुबक झाली तरी गळणारच. धाग्याचा तुकडा चिमट्यात धरून जाळून पाहावा: खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरगळते, अ‍ॅक्रिलिक वितळून त्याचा टणक मणी होतो. खऱ्या लोकरीनेही एखाद्या बाळाच्या अंगावर लाली उठते. तसे झाले तर हौस बाजूला ठेवून चड्डी काढून टाकावी.

बाळ मोठे झाले की चड्डी पुढच्या बाळासाठी ठेवली जाते, तेव्हा कसरीपासून ती जपावी लागते. धुऊन पूर्ण वाळलेली चड्डी सुती पिशवीत घट्ट बांधून ठेवावी आणि अधूनमधून काढून, झटकून वारा द्यावा, पावसाळ्यानंतर तर नक्कीच. ट्रंकेत डांबरगोळ्या टाकण्याची आपली सवय मात्र इथे चालणार नाही. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असते, आणि गोळ्यांतल्या नॅप्थलीनचा वास बसलेल्या कपड्यांमुळे त्यांच्या तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. तेव्हा त्या ट्रंकेतली दुपटी आणि टोपडीही गोळ्यांपासून दूर, वेगळ्या पेटीत हलवावीत.