बारा जणांची मिसळ आणि निवांत यजमान

श्रोतेहो, नमस्कार.

मित्रमंडळींना घरी बोलवायचं ठरतं, मेनूची चर्चा होते आणि तिथेच घात होतो. पुऱ्या, भजी, डोसे ठरले की घरातलं एक माणूस संध्याकाळभर गॅसपाशी अडकलं म्हणून समजा. ज्याचा एकेक घाणा काढावा लागतो, असा पदार्थ अशा दिवशी नकोच. दहा-बारा जण असतील तर मिसळ करा. बरंचसं काम आदल्या दिवशी उरकतं आणि ज्याची त्याने वाढून घेता येते.

बेत रविवारी संध्याकाळचा धरू. शुक्रवारी रात्री 600 ग्रॅम मटकी भिजत घाला. शनिवारी सकाळी ती चाळणीत चांगली निथळून फडक्यात बांधा. पाणी राहिलं तर मोडांना चिकटपणा येतो, आंबूस वास सुटतो. रात्रीपर्यंत मोड आले की फ्रीजमध्ये ठेवा. थंडीत मात्र एक दिवस आधी सुरुवात करा.

वाटणही शनिवारीच करून ठेवा. 5 कांदे, 100 ग्रॅम सुकं खोबरं, लसणाचे 2 गड्डे आणि 2 इंच आलं. कांदा तेलावर पुरता तांबूस होऊ द्या. कच्चट राहिला तर कट गोडसर लागतो आणि मग त्यात कितीही मसाला ओता, उपयोग होत नाही.

रविवारी दुपारी मटकी हळद, हिंग, मीठ घालून उघड्या पातेल्यात शिजवा. कुकरला लावू नका, एक शिट्टी जास्त झाली की गाळ होतो. दाणा चिमटीत दबावा, पण फुटू नये. मटकीचं पाणी कटासाठी राखून ठेवा. आता वाटण तेल सुटेपर्यंत परता, त्यात 4 मोठे चमचे कांदा-लसूण मसाला घाला आणि मटकीचं पाणी धरून 3 लिटर उकळतं पाणी ओता. माणशी पाव लिटर कट होतो. मंद आचेवर वीस मिनिटं उकळा. ठेवल्यावर खोबऱ्यामुळे तो दाट होतो, म्हणून वाढायच्या वेळी गरम पाणी हाताशी असू द्या.

सगळ्यांत नाजूक काम तर्रीचं. ती कटात न घालता वेगळी करा, म्हणजे लहान मुलं आणि तिखट न खाणारे सुखाने जेवतील. कढल्यात अर्धी वाटी तेल चांगलं तापवा, गॅस बंद करा आणि मिनिटभर थांबा. मग चिमूटभर तिखट टाकून बघा. फेस येऊन रंग लाल राहिला, तर 2 मोठे चमचे तिखट घालून ढवळा. चिमूट काळी पडली तर अजून थांबा. जळलेलं तिखट कडू लागतं, ते टाकूनच द्यावं लागतं.

टेबलावर पदार्थ मिसळ बनते त्याच क्रमाने मांडा. वाडगे, मटकी, 1 किलो फरसाण, मग कट, तर्री, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, लिंबाच्या फोडी आणि शेवटी पाव. पाव माणशी 3, म्हणजे 36 पुरतात. कोल्हापुरासारख्या ब्रेडच्या जाड स्लाइस ठेवल्यात तरी चालेल. फरसाणाचा डबा मात्र पहिला पाहुणा वाडगा उचलेपर्यंत उघडू नका, पावसाळ्यात ते बघता बघता सादळतं. पाणी आणि ताक खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, नाहीतर सगळी गर्दी एकाच कोपऱ्यात होते. ताकाला दीड किलो दही आणि 3 लिटर पाणी घ्या. खरकट्या वाडग्यांसाठी टब आणि शेजारी कचऱ्याचा डबा समोर दिसेल असा ठेवा. तो दिसला की कोणी विचारायला येत नाही.

‘काय आणू?’ असं कोणी विचारलं तर ‘काही नको’ म्हणू नका. तसं म्हटलं की घरात काजूकतलीचे चार डबे जमतात! एकाला बर्फ सांगा, दुसऱ्याला पाव. निरोपात वेळ ‘साडेसात ते साडेदहा’ अशी दोन्ही टोकांनी लिहा. बाळ घेऊन येणाऱ्यांना आणि दुसऱ्या दिवशी लवकर उठणाऱ्यांना त्याने सोपं जातं, आणि उठताना कोणाला अवघडल्यासारखं होत नाही.

घर आवरायचं ते बैठकीची खोली आणि बाथरूम एवढंच. बाकीचा पसारा एका खोलीत ढकलून दार ओढून घ्या. बाथरूममध्ये कोरडा नॅपकिन ठेवा, हा हमखास विसरतो.

कट उरला तर रात्रीच फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी खळखळून उकळून घ्या. उरलेली मटकी कांदा-टोमॅटोवर परतली की सोमवारच्या डब्याची उसळ झाली. नमस्कार.