उडती तबकडी, आणि तिच्यामागून येणारी भुताटकी

(दृश्य : रात्रीचा डोंगराळ रस्ता. एकाच गाडीचे दिवे.)

१९ सप्टेंबर १९६१ ची रात्र. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरच्या डोंगरांमधून बार्नी आणि बेटी हिल हे जोडपं गाडीने घरी निघालंय. आकाशातला एक प्रकाश बराच वेळ गाडीची पाठ सोडत नाही. बार्नी गाडी थांबवतात, दुर्बीण घेऊन खाली उतरतात. दुर्बिणीत त्यांना खिडक्या दिसतात, आणि खिडक्यांमागे उभ्या असलेल्या आकृत्या. त्यातली एक थेट त्यांच्याकडेच बघतेय. जागचं हलू नकोस, बघत राहा, असा निरोप त्यांना मिळतो. कानांनी ऐकू आलेला नाही. सरळ मनात उमटलेला. बार्नी गळ्यातली दुर्बीण अशी हिसडतात की तिचा पट्टाच तुटतो, आणि ते गाडीकडे धाव घेतात.

दोघं घरी पोहोचतात तेव्हा पहाट झालेली असते. प्रवासातल्या सुमारे दोन तासांचा हिशेब मात्र लागत नाही.

परग्रहवासीयांनी केलेलं अपहरण म्हणून ही घटना जगभर गाजली. यंत्र कसं होतं, खिडक्या किती होत्या, आकृत्यांचे डोळे कसे होते, यावर भरपूर चर्चा झाली. मनात उमटलेला तो निरोप त्या मानाने दुर्लक्षित राहिला. आपला विषय नेमका तोच आहे. कारण यूएफओ, म्हणजे ओळख न पटलेली उडती वस्तू, पाहिल्याचं सांगणारी माणसं बऱ्याचदा तेवढ्यावर थांबत नाहीत. टेलिपथी (न बोलता मनातून मनात निरोप जाणं), खरी ठरलेली स्वप्नं, शरीराबाहेर गेल्याचा अनुभव, घरात आपोआप हलणाऱ्या वस्तू, हे सगळं त्याच माणसांच्या तोंडून ऐकायला मिळतं.

(दृश्य : टंकलिखित अहवालांचे गठ्ठे, फाइली.)

अमेरिकी हवाई दलाच्या ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’ या तबकड्यांच्या चौकशी मोहिमेने १९६९ पर्यंत १२,६१८ घटनांची नोंद केली. त्यातल्या ७०१ घटनांचा उलगडा झाला नाही. या नोंदी होत्या आकार, वेग, दिशा आणि उंचीच्या. हवाई दलाला विमानाची काळजी. साक्षीदाराला त्या आठवड्यात कसली स्वप्नं पडली हे ते कशाला विचारणार? गंमत अशी की तबकड्यांवर विश्वास ठेवणारे संशोधकही तेच करत होते. दुसऱ्या ग्रहावरून आलेलं धातूचं यान सिद्ध करायचं, तर भुताखेतांसारखा वाटणारा भाग अडचणीचा. मग तो अहवालातून गळायचा.

या गाळलेल्या भागाकडे पहिल्यांदा गंभीरपणे पाहणाऱ्यांमध्ये जाक व्हॅले हे नाव मोठं. मूळचे फ्रान्सचे, खगोलशास्त्र आणि संगणक या दोन्ही क्षेत्रांतले. १९६९ मध्ये त्यांनी तबकड्यांच्या हकिकती युरोपातल्या परीकथांशेजारी ठेवून पाहिल्या. लुकलुकणारे दिवे, ठेंगणे जीव, माणसाला उचलून नेणं, परतल्यावर वेळेचा गोंधळ, सगळं जुळत होतं. त्यांचं एक उदाहरण तर फारच मजेदार आहे. १९६१ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या एका कोंबडीपालकाने सांगितलं, की अंगणात उतरलेल्या यानातल्या माणसांनी आपल्याकडून पाणी घेतलं आणि बदल्यात पॅनकेक दिले. एक पॅनकेक प्रयोगशाळेत गेला. निघाला अगदी साधा, पृथ्वीवरच्याच पिठाचा. व्हॅले यांची नजर मात्र मिठावर गेली. लोककथांतल्या पऱ्या मीठ खात नाहीत, आणि त्यांच्या म्हणण्यानुसार या पॅनकेकमध्येही मीठ नव्हतं. मला हा दुवा जरा ओढूनताणून आणल्यासारखा वाटतो. पण व्हॅले यांचा मूळ प्रश्न टिकून राहतो : हे जर फक्त परग्रहावरचं यान असेल, तर त्याची गोष्ट शेकडो वर्षं जुनी का वाटते?

(दृश्य : ओहायो नदी, पूल, कृष्णधवल छायाचित्रं.)

भुताटकी आणि तबकड्या यांची सर्वांत दाट सरमिसळ झाली ती वेस्ट व्हर्जिनियातल्या पॉइंट प्लेझंट या छोट्या गावात. नोव्हेंबर १९६६ मध्ये दोन तरुण जोडप्यांनी सांगितलं, की दुसऱ्या महायुद्धातल्या स्फोटकांच्या बंद कारखान्याजवळ त्यांना पंखांचा, लाल डोळ्यांचा माणसासारखा प्राणी दिसला. वर्तमानपत्रांनी त्याला ‘मॉथमॅन’ म्हटलं. मग आकाशात दिवे, टेलिफोनवर विचित्र आवाज, काळ्या कपड्यातले अनोळखी पाहुणे, अशा हकिकतींची रीघ लागली. पत्रकार जॉन कील तिथे पुन्हापुन्हा जात होते. मोठी दुर्घटना होणार असल्याची भाकितं त्यांच्यापर्यंत पोहोचत होती.

१५ डिसेंबर १९६७. संध्याकाळी, वाहनांची गर्दी असताना गावाजवळचा सिल्व्हर ब्रिज कोसळला आणि ४६ जणांचा जीव गेला.

भाकीत खरं ठरलं, असं आजही सांगितलं जातं. पण कील यांनीच लिहून ठेवलेला तपशील बघण्यासारखा आहे. त्या संध्याकाळी ते टीव्हीसमोर बसले होते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष नाताळच्या झाडाचे दिवे लावतील आणि त्याच क्षणी देशभर वीज जाईल, या अपेक्षेने. दिवे लागले. वीज काही गेली नाही. बातमी आली ती पुलाची. म्हणजे भाकीत होतं एका गोष्टीचं, घडली दुसरीच, आणि नंतर दोन्ही एकमेकांना चिकटली. पूल पडण्याचं कारण चौकशीत सापडलं : ज्या लोखंडी पट्ट्यांवर पूल टांगलेला होता, त्यातल्या एकीत सुमारे अडीच मिलिमीटर खोल तडा होता.

घटना आधी आणि अर्थ नंतर, हा क्रम या विषयात पुन्हापुन्हा भेटतो.

हिल दांपत्याकडेच परत बघा. त्या रात्रीनंतर काही दिवसांनी बेटींना अपहरणाची स्वप्नं पडू लागली. त्यांनी ती लिहून काढली, बोलून दाखवली. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. बेंजामिन सायमन यांनी दोघांना संमोहित केलं ते थेट १९६४ मध्ये. बार्नींनी संमोहनात सांगितलेलं अपहरण बेटींच्या स्वप्नांतून आलं असावं, असं मत झालं ते खुद्द सायमन यांचं. हिल खोटं बोलत होते असं मात्र ते म्हणाले नाहीत.

(दृश्य : शाळेचं मैदान, मुलांनी काढलेली चित्रं.)

१६ सप्टेंबर १९९४. झिम्बाब्वेतल्या रुवा इथली एरियल शाळा. मधल्या सुट्टीत सुमारे साठ मुलांनी मैदानापलीकडे चकाकती वस्तू आणि काळ्या वेशातले जीव पाहिल्याचं सांगितलं. पृथ्वीची हानी होतेय असा इशारा त्या जीवांच्या डोळ्यांतून आपल्याला कळला, असं काही मुलं म्हणाली. हार्वर्डचे मानसोपचारतज्ज्ञ जॉन मॅक यांनी त्यांच्या मुलाखती घेतल्या, पण घटनेनंतर काही आठवड्यांनी. पर्यावरण हा मॅक यांच्याही आस्थेचा विषय होता. मुलं घाबरली होती यात शंका घेण्यासारखं काही नाही. इशारा मैदानावर मिळाला, की नंतरच्या बोलण्यात आकाराला आला, हे आज ठरवायचं कसं?

प्रयोगशाळेत काय सापडलं? हार्वर्डचेच मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मॅकनॅली यांनी अपहरणाचा दावा करणाऱ्या दहा जणांना त्यांचीच हकिकत ध्वनिमुद्रित करून ऐकवली. हृदयाचे ठोके वाढले, तळहातांना घाम आला. युद्धातून परतलेल्या आघातग्रस्तांइतकीच तीव्र प्रतिक्रिया. आठवण खरी असो वा नसो, शरीर तिला खरीच मानतं. लंडनमध्ये मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर फ्रेंच यांनी २००८ मध्ये असे अनुभव असलेल्या १९ जणांची तुलना तसे अनुभव नसलेल्या १९ जणांशी केली. पहिल्या गटात अतींद्रिय अनुभव, कल्पनेत बुडून जाण्याची वृत्ती आणि झोपेतला पक्षाघात, हे सगळं जास्त आढळलं. झोपेतला पक्षाघात म्हणजे स्वप्नावस्थेत स्नायू लुळे असतानाच मन जागं होणं : हलता येत नाही, आणि खोलीत कुणीतरी आहे अशी खात्री पटते. अंथरुणातून उचलून नेल्याच्या बऱ्याच हकिकती यात बसतात. स्टिअरिंगवर हात असलेले बार्नी हिल बसत नाहीत.

त्याआधी, १९९२ मध्ये, मानसशास्त्रज्ञ केनेथ रिंग यांनी मरणाच्या दारातून परतलेली माणसं आणि यूएफओ पाहिलेली माणसं शेजारीशेजारी ठेवली होती. दोन्ही गटांचं बालपण सारखं निघालं : इतरांना न दिसणारं दिसणं, आणि कितीतरी जणांच्या वाट्याला आलेला छळ. अनुभवानंतर त्यांच्यात झालेले बदलही सारखेच. पण हे बालपण मोठेपणी आठवून सांगितलेलं होतं. तबकडी दिसण्याआधी कुणी त्यांची तपासणी करून ठेवलेली नव्हती. ठेवणार तरी कशी?

म्हणून माझा कल असा : तबकड्या आणि असे अतींद्रिय अनुभव यांच्यातला संबंध खरा आहे. त्याचं मूळ आकाशात आहे की बघणाऱ्यात, हे मात्र नंतर गोळा केलेल्या साक्षींतून कधीच निघणार नाही. मग साक्षी कितीही प्रामाणिक असोत.

(दृश्य : बर्फाळ दरी, टेकडीवरचा कॅमेरा.)

यंत्रं आधीपासून लावून ठेवलेल्या जागा जगात फार थोड्या आहेत. त्यातली एक नॉर्वेतली हेस्डालेन दरी. १९८१ च्या अखेरीपासून तिथे प्रकाशगोळे वारंवार दिसू लागले. १९८४ च्या हिवाळ्यात संशोधक रडार, कॅमेरे आणि चुंबकमापक घेऊन तिथे राहिले. पुढे १९९८ मध्ये स्वयंचलित केंद्रही उभं राहिलं. कॅमेऱ्याला स्वप्नं पडत नाहीत, आणि तरी दिवे कॅमेऱ्यात येतात. त्यांच्या कारणावर अजून एकमत नाही. पण १९८४ च्या अहवालात एक अवघड नोंद आहे. एका रात्री लुकलुकत जाणाऱ्या दिव्यावर पथकाने नऊ वेळा लेझर रोखला. त्यातल्या आठ वेळा दिव्याने आपली लुकलुक बदलली, एकाऐवजी दोन झपके देऊ लागला. दिवा जणू उत्तर देतोय असं सुचवणाऱ्या असल्या गोष्टी एरवी अहवालातून गळतात. इथल्या संशोधकांनी ही ओळ मात्र राहू दिली.