ओल आणि ओलावा

(दृश्य : पहाट. बंद खिडकी. काचेवर आतल्या बाजूने धरलेलं बाष्प. एक थेंब ओघळू लागतो.)

हा थेंब बाहेरून आलेला नाही. पाऊस नाही, खिडकीही रात्रभर बंद होती. घरात झोपलेल्यांचे श्वास, संध्याकाळी पातेल्यातून उठलेली वाफ, न्हाणीघरातलं गरम पाणी, ऊन नाही म्हणून आतच वाळत घातलेले कपडे... या सगळ्यांचं बाष्प रात्रभर घरात फिरलं आणि सगळ्यात गार जागा सापडताच तिथे पाणी होऊन बसलं.

थेंब निघालाय. वाटेतल्या दोन-चार थेंबांना पोटात घेतो, जड होतो, आणि काच जिथे लाकडी चौकटीला टेकते तिथे दिसेनासा होतो.

(दृश्य : चौकटीचा खालचा कोपरा, अगदी जवळून.)

तिथे बोट लावा. रंग फुगलाय. नखाने जरा खरवडलं की पोपडा सुटतो, आणि खालचं लाकूड काळपट, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं मऊ. हे एका थेंबाचं काम नाही. रोज सकाळी एक, सगळा हिवाळा, आणि असे कितीतरी हिवाळे.

हिवाळा आला की आपण थंडीशी भांडायला निघतो. पण घराला थंडी वाजत नाही. वीट असो, लाकूड असो, कोरडा गारठा ते निमूट सोसतात. त्यांना छळतं ते पाणी. भलत्या जागी साचलेलं, भेगेत शिरून गोठलेलं, किंवा हवेतून पार नाहीसं झालेलं.

(दृश्य : बाहेरच्या भिंतीवरचा उघडा पाईप. त्यावर पांढुरका थर.)

पाईप का फुटतो? गोठताना बहुतेक पदार्थ आकसतात. पाणी मात्र सुमारे ९ टक्क्यांनी फुगतं. हे आपण शाळेतच शिकलो. पण पाईप बर्फ झाला त्याच जागी फुटतो, असं नाही. आधी बर्फाचं बूच तयार होतं. ते वाढत जातं तसं पुढच्या पाण्याला नळाकडे रेटतं. नळ बंद. पाणी काही दाबून लहान होत नाही. मग बूच आणि नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याचा दाब चढत जातो, आणि जिथे पाईप कच्चा असेल तिथे तो तडकतो.

म्हणून गोठवणाऱ्या रात्री नळ किंचित ठिबकता ठेवतात. वाहतं पाणी लवकर गोठत नाही, हे आहेच; पण त्याहून मोठं काम म्हणजे कोंडलेल्या दाबाला वाट मिळते. बाहेरच्या भिंतीतून किंवा माळ्यावरून गेलेल्या पाईपांना फोमचं वेष्टण घालावं. बागेतला नळ आतून बंद करून रिकामा करावा, रबरी नळी काढून ठेवावी.

आणि एक गोष्ट. फुटलेला पाईप रात्री गप्प असतो, कारण बर्फानेच त्याचं तोंड धरलेलं असतं. धार लागते ती दिवस वर आल्यावर, बहुतेक वेळा घरात कुणी नसताना. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवं. तो फिरतो का, हेही. वर्षानुवर्षं हात न लागलेला व्हॉल्व्ह नेमका त्याच दिवशी जाम निघतो.

(दृश्य : छपराची वळचण. बर्फाचे लांब सुळके.)

बर्फ पडणाऱ्या मुलखात हे सुळके फोटोत छान दिसतात. घराच्या दृष्टीने मात्र ही तक्रार आहे. घरातली ऊब माळ्यातून निसटते, छपरावरचा बर्फ खालून वितळतो, पाणी वळचणीपर्यंत येतं आणि तिथल्या गारठ्यात पुन्हा गोठतं. बांध तयार होतो. मागचं पाणी तुंबून छपराच्या आच्छादनाखाली शिरतं. सुळके काठीने पाडण्यात अर्थ नाही. माळ्याच्या जमिनीवर उष्णतारोधक थर घाला, फटी बुजवा.

फटी शोधायला यंत्र लागत नाही. वाऱ्याच्या दिवशी पेटती उदबत्ती दाराखिडक्यांच्या कडेने हळूहळू फिरवा, पडदे बाजूला सारून. धूर जिथे सरळ उठायचा सोडून वाकडा पळतो, तिथे फट. पण एक अपवाद मनाशी पक्का करा : ज्या खोलीत गॅस, कोळसा, लाकूड असं काहीही जळतं, तिथला हवेचा झरोका कधीही बुजवायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि तो जीव घेतो.

(दृश्य : बाहेरच्या भिंतीला चिकटवलेलं कपाट दोन माणसं पुढे ओढतात. मागे काळ्या बुरशीचे ठिपके.)

आता पुन्हा बाष्पाकडे. २० अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेत सुमारे १७ ग्रॅम बाष्प मावतं. शून्य अंशाच्या हवेत पाच ग्रॅमसुद्धा नाही. म्हणजे उबदार खोलीतली हवा अर्धीच भरलेली असली, तरी ९ अंशांची काच समोर आली की तिचं पाणी होतं. बुरशीला तर पाणी व्हायचीही वाट पाहावी लागत नाही; गार भिंतीलगतची हवा बराच काळ दमट राहिली तरी तिला पुरतं. कपाटामागे तेच झालं. तिथे ऊब पोहोचत नाही, हवा फिरत नाही. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवलं असतं तर हे बरंचसं टळलं असतं. वरून रंग मारून ओल जात नाही. ती फक्त पुढच्या हिवाळ्यापर्यंत दिसत नाही.

उपाय इतका साधा आहे की लोकांना पटत नाही. समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडा, पाच-दहा मिनिटं, आणि बंद करा. बाहेर धुकं असलं तरी चालेल. शून्य अंशाची, पुरती दमट हवा आत येऊन २० अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता, म्हणजे हवेत मावू शकेल त्यातलं किती बाष्प खरोखर आहे ते प्रमाण, ३० टक्क्यांच्याही खाली येते. भिंती तेवढ्यात गार होत नाहीत. दिवसभर बोटभर फट ठेवण्याने मात्र ऊब जाते आणि ओल राहते.

याचीच दुसरी बाजू म्हणजे सतत तापवलेली, कोरडी खोली. ओठ फुटतात ते आपल्याला कळतं, लाकडाचं कळत नाही. लाकूड आकसतं ते आडवं, लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून मेजाच्या फळ्यांमध्ये रेघ उघडते आणि पावसाळ्यात अडणारं दार हिवाळ्यात खुळखुळतं. छोटा आर्द्रतामापक भिंतीवर टांगा. काटा ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असला की माणसं आणि लाकूड दोघंही सुखात.

(दृश्य : काचेची बंद बरणी. आत माती, आणि हिरवं नेचं.)

इथे एक डॉक्टर आठवतात. नथॅनिएल वॉर्ड, लंडनचे. त्यांना नेच्यांची हौस होती, पण कोळशाच्या धुरात नेची जगत ना. १८२९च्या सुमारास त्यांनी एका पतंगाचा कोश ओलसर मातीसह बंद बाटलीत ठेवला होता. पाहायचा होता पतंग. मातीतून उगवलं नेचं आणि थोडं गवत. दिवसा मातीतलं पाणी वाफ होऊन काचेवर धरायचं, मग ओघळून परत मातीत. बाहेर धूर, आत रान. १८३३मध्ये त्यांच्या काचपेट्यांतून नेची जहाजाने सिडनीपर्यंत जिवंत पोहोचली.

म्हणजे काचेवरचा तोच थेंब. खिडकीत त्याची ओल झाली, बरणीत ओलावा.

(दृश्य : खिडकीजवळच्या कुंड्या. मनीप्लांट, कोरफड, स्नेक प्लांट.)

घरात झाडं आणताना एक गैरसमज बाहेरच ठेवा : ती हवा शुद्ध करतात हा. त्याचं मूळ नासाच्या १९८९च्या एका अभ्यासात आहे. पण ते प्रयोग छोट्या, बंद पेट्यांतले होते. अशा अनेक प्रयोगांचे आकडे २०१९मध्ये संशोधकांनी खऱ्या घरांना लावून पाहिले, तेव्हा नुसत्या फटींतून होणाऱ्या हवेच्या येण्याजाण्याची बरोबरी करायला दर चौरस मीटरला किमान १० झाडं लागतील, असं निघालं. काही ठिकाणी हजार. एवढ्या कुंड्यांत पाय कुठे ठेवायचा?

हिरवाईचा उपयोग वेगळाच आहे. १९८४मध्ये रॉजर उलरिक या संशोधकांनी पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले सरासरी लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामकांचे कडक डोसही कमी लागले. अभ्यास लहान आहे, त्यावरून फार ताणू नये. पण खुर्ची खिडकीकडे वळवायला तेवढं पुरे.

हिवाळ्यात घरातली झाडं बहुतेक मरतात ती माया जास्त झाल्यामुळे. उजेड कमी, वाढ मंद, मुळं पाणी उचलत नाहीत, आणि आपण मात्र वार लावून पाणी घालत राहतो. मीही एक जुनी कोरफड अशीच बुडवून मारली आहे. आधी मातीत बोटाचं एक पेर खुपसावं. ओलं लागलं तर झारी परत ठेवावी. उष्ण प्रदेशातल्या झाडांची पानं रात्री गार काचेला टेकू देऊ नयेत, काळी पडतात. आणि हीटरच्या झोतात तर कुठलंच झाड नको.

कुंडीखालची बशीही विसरू नका. तिच्यातलं पाणी लाकडी कट्ट्यावर गोल काळा डाग पाडतं. झाडाने शोषलेलं बहुतेक पाणी पानांवाटे हवेतच जातं. कोरड्या खोलीत ते हवंहवंसं, पण जिथे आधीच बुरशी आहे तिथे दहा कुंड्या मांडणं म्हणजे तिला खतपाणीच. आधी भिंत कोरडी, मग कुंडी.

(दृश्य : मातीने लिंपलेली भिंत. त्यावर तिरका उजेड.)

निसर्ग आत आणायचा म्हणजे फक्त कुंड्याच, असंही नाही. मातीचा किंवा चुन्याचा गिलावा आणि रंग न चढवलेलं लाकूड हवा दमट झाली की थोडं बाष्प पोटात घेतात, कोरडी झाली की परत देतात. प्लॅस्टिक पेंटचा हात फिरवला की हा व्यवहार जवळजवळ थांबतो. मला विचाराल तर, चार कुंड्या कमी आणा, पण एक भिंत अशी ठेवा.

(दृश्य : पुन्हा बरणी. सकाळ.)

बरणी करायची असेल तर तळाशी खडे, वर माती, एखादं लहान नेचं आणि शेवाळाचा तुकडा. पाणी बेताचं. थेट उन्हात ठेवू नका, आत भट्टी होते. सकाळी काच धुरकट आणि दुपारी स्वच्छ, म्हणजे सगळं ठीक चाललंय. दिवसभर धुरकटच राहिली, तर झाकण काढून दोन-तीन तास उघडी ठेवा.

(दृश्य : एक हात झाकण काढतो. काचेवरून थेंब ओघळतो आणि मातीत जिरतो.)